लांब धाग्याचे शब्द

जे बोलणे समजते त्याला लोक बडबड म्हणतात आणि जे समजत नाही त्याला विद्वत्ता. समाजाचे स्थैर्य या एका व्यवस्थेवर टिकून आहे. म्हणून तिला धक्का लावणाऱ्याकडे सर्वांनी संशयाने पाहिले पाहिजे.

१९६२ साली दिग्रसच्या नीळकंठने बी.एस्सी. झाल्यावर अमेरिकेत जाऊन कापसाचे उच्च शिक्षण घ्यायचे ठरवले. (कापूस दिग्रसला भरपूर होता, उच्च शिक्षण तेवढे बाहेरून आणायचे होते.) तिकडच्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा नागपूरला व्हायची आणि तिच्यासाठी इंग्रजीचे तीन हजार अवघड शब्द यावे लागत. हे शब्द खुद्द इंग्रजसुद्धा वापरत नाहीत, त्यामुळे ते अगदी कोरे करकरीत राहिलेले असतात. नीळकंठला मनापासून जायचे होते. जिनिंग फॅक्टरीच्या भोंग्याबरोबर उठायचे आणि वडिलांच्याच खुर्चीवर म्हातारे व्हायचे, हे त्याला मुळीच नको होते.

वडील नंदकिशोरराव त्याच फॅक्टरीत हेडक्लार्क. त्यांनी तयारीची सूत्रे हाती घेतली आणि प्रथम मालाची प्रतवारी केली: आखूड धाग्याचे शब्द, मध्यम धाग्याचे आणि लांब धाग्याचे. लांब धाग्याला भाव जास्त, हे दिग्रसमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. अडचण एवढीच होती की अर्थासकट पाठ करायला दुप्पट वेळ लागे.

"अबे, जिनात काय करतो आपण?" नंदकिशोरराव म्हणाले. "सरकी काढतो. सरकीसकट गाठ बांधलेली पाह्यली का तू कधी? अर्थ म्हणजे सरकी. काढून टाक."

हा शास्त्रीय विचार नीळकंठला पटला. महिनाभरात दोन हजार शब्द पिंजून, दाबून, गाठी बांधून तयार झाले. मग माल बाजारात उतरवून पाहण्यात आला. पोस्टमास्तरांनी 'पर्स्पिकॅशिअस' ऐकून मान डोलावली. वकीलसाहेब मंद हसले आणि पावसापाण्याचे विचारू लागले. इंग्रजीच्या मास्तरांनी नीळकंठची पाठ थोपटली आणि त्या दिवसापासून बाजारात जायला दुसरा रस्ता धरला. एकूण अठ्ठावीस प्रतिष्ठित नागरिकांपैकी अठ्ठावीस जणांना शब्द समजला. (त्यांपैकी एकाला ऐकू येत नव्हते; त्यालाही समजला.)

नीळकंठची कीर्ती गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत गेली. तिथल्या लखीरामचा नाल्यावरच्या रपट्याचा, म्हणजे ठेंगण्या पुलाचा, अर्ज सहा वर्षे कचेरीत पडून होता. नीळकंठने नवा अर्ज लिहिला, त्यात 'ऑब्स्ट्रेपरस रपटा' असे शब्द घातले. साहेबाला कारकुनासमोर अर्थ विचारवेना, कारकुनाला साहेबासमोर. अर्ज पंधरवड्यात मंजूर. ऑब्स्ट्रेपरस म्हणजे नेमके काय बांधायचे, हे ओव्हरसियरने कुणालाच न विचारता अंदाजाने ठरवले आणि रपट्याच्या दोन्ही टोकांना एकेक चबुतरा जास्त बांधला. त्यांवर हल्ली शेळ्या बसतात.

लखीराम आणि त्याची बायको लालीबाई दुधाचा गडवा घेऊन आभार मानायला आले. लालीबाईला सभ्य समाजाचे नियम माहीत नव्हते. तिने सरळ विचारले, "भाऊ, त्या शब्दाचा मतलब काय होते?"

 नीळकंठला इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"लांब धाग्याचा आहे, बाई," तो कसाबसा म्हणाला. "मतलबाची सरकी आम्ही काढून टाकतो."

"काहून?" लालीबाई म्हणाली. "आमची म्हैस त सरकीवरच दूध देते."

त्या दिवसापासून नीळकंठचे जेवणावरून मन उडाले. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. "परीक्षक अर्थ विचारील तर?" त्याने वडिलांना विचारले.

"कायले विचारते? त्यालेही इज्जत आहे न!" नंदकिशोरराव म्हणाले.

नागपूरला परीक्षकाने इज्जत गुंडाळून ठेवली होती. सगळ्या कागदावर अर्थच विचारलेले. प्रत्येक शब्दाखाली चार उत्तरे. नीळकंठने त्यांतले सर्वांत लांब धाग्याचे निवडले आणि देवाचे नाव घेतले.

निकाल पाहून तो परतला, तेव्हा एसटी स्टँडवर हारतुरे, बँड आणि नंदकिशोरराव उभे होते. नीळकंठ पायरीवरच थांबला. त्याच्याने खोटे बोलवेना.

"मी नापास झालो," तो म्हणाला. "मले एकाही शब्दाचा अर्थ येत नाही."

बँड थांबला. लोक नाराज झाले. इतका शिकलेला पोरगा आणि भर स्टँडवर असे आखूड बोलतो! वकीलसाहेबांनी जमिनीकडे पाहिले. नंदकिशोररावांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते डोळे नीळकंठला पाहवेनात. तो म्हणाला, "निकाल इनकॉन्सिक्वेन्शियल आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमास्तरांनी पहिला हार घातला. हारांखाली नीळकंठ रडत होता. लोकांनी ते आनंदाश्रू धरले.

वडिलांच्या खुर्चीवर मात्र त्याला बसावे लागले नाही. जनतेच्या आग्रहाने त्याने अवघड शब्दांचा वर्ग काढला. पहिल्याच दिवशी त्याने नवीन मुलांना सांगितले की आपण अर्थापासून सुरुवात करू. दुसऱ्या दिवशी सात पालक तक्रार घेऊन आले. तेव्हापासून वर्ग सुरळीत चालू आहे आणि जागा शिल्लक नाहीत. तुमच्या चिरंजीवांचेही नाव आहे वर्गाच्या यादीत. नाव घालताना तुम्ही वर्गाची वेळ विचारलीत, बाकांची सोय विचारलीत, शेजाऱ्याच्या मुलाला किती शब्द झाले तेही विचारलेत. मग नीळकंठ तुम्हाला काहीतरी लांबलचक बोलला आणि तुम्ही मान डोलावलीत.