चिवटाबाईंचं ‘बरं आहे’

बसा बाळांनो, नीट मांडी घालून बसा. तू नाकातलं बोट काढ आधी. हं. तर एका जंगलात, आता कुठल्या ते विचारायचं नाही, मला तरी कुठं ठाऊक आहे, एक घोरपड राहत होती. तिचं नाव चिवटाबाई.

चिवटाबाईंना सरकारी नोकरी होती. सिंहमहाराजांचा दरबार उंच कड्यावर भरे. सामान वर चढवायचं तर दोर लागणार, आणि तो दोर वर नेऊन कपारीत घट्ट धरून बसायचं काम चिवटाबाईंचं. एकदा महाराजांचं नवं सिंहासन चढवताना दोराला असा हिसका बसला, की बाईंच्या उजव्या पंजाची दोन बोटं कामातून गेली.

महाराज न्यायी होते. कामावर इजा झाली तर भरपाई द्यायची, असा कायदाच होता त्यांचा. न्यायाधीश बगळेसाहेबांनी पंजा पाहिला, ‘दोन बोटं अधू’ असं लिहवून घेतलं आणि रोज दोन अंडी मंजूर केली. बाईंना कड्याखाली दोर गुंडाळायचं हलकं काम मिळालं.

दोन वर्षं गेली. हळूहळू सबंध पंजाच आखडला. दोर गुंडाळता येईना, वारूळ उकरता येईना. नोकरी सुटली, आणि दोन अंड्यांवर दिवस कसा निघणार? कायद्यात एक कलम होतं, की दुखणं बळावलं तर भरपाई वाढवून मिळेल. बाईंनी अर्ज केला.

तळ्याकाठी सुनावणी भरली. बगळेसाहेब चिखलात एका पायावर उभे होते. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, की बळावलं म्हणजे नुसतं जास्त दुखलं असं नव्हे. मागच्या निकालाच्या दिवशी जे होतं आणि आज जे आहे, त्यात फरक पडलेला दिसला पाहिजे. तो फरक त्याच इजेमुळे पडला पाहिजे, आणि तसा पुरावा पाहिजे.

बाईंनी आखडलेला पंजा पुढे केला.

“हा आजचा झाला,” साहेब म्हणाले. “मधल्या दोन वर्षांचं काय?”

शेजारी म्हणून साळिंदरनानांना साक्षीला बोलावलं. नाना सरळ मनाचे. ते म्हणाले, मी रोज सकाळी विचारतो, कसं काय चिवटाबाई? आणि त्या म्हणतात, बरं आहे.

कावळे कारकुनांनी लगेच पानांचा भारा सोडला. जंगलात कोण काय बोललं ते टिपून ठेवायचं, हे त्यांचं काम. कशासाठी टिपायचं हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून तर ते कारकून. दोन वर्षांतल्या एकूण एक सकाळी ‘बरं आहे’ अशी नोंद होती. ज्या दिवशी पंजा सुजून दुधीएवढा झाला होता, त्या दिवशी तर ‘अगदी बरं आहे’.

“अहो साहेब, ते म्हणायचं असतं,” बाई काकुळतीला आल्या. “सकाळी सकाळी त्यांना कशाला आपलं रडगाणं?”

“म्हणजे तुम्ही दोन वर्षं रोज खोटं बोललात? मग आजचं खरं कशावरून?”

बिचाऱ्या चिवटाबाई. त्यांनी पंजा पोटाशी घेतला आणि खाली मान घातली.

साहेब अर्ज फेटाळायच्या बेतात होते. नानांना फार वाईट वाटलं. काय बोलावं सुचेना, तेव्हा ते सवयीनं बोलून गेले, “साहेब, तुमचं कसं काय?”

“बरं आहे,” साहेब म्हणाले. त्यांनी दुसरा पाय खाली टेकला, आणि सकाळपासून ताटकळलेला पहिला पाय मुरगळून धप्पकन चिखलात बसले.

सगळ्यांनी मिळून त्यांना उचललं. साहेबांनी चोच पुसायच्या आत सांगितलं, लिहा, कामावर असताना इजा, भरपाई हवी. कावळ्यांनी पान पाहिलं. म्हणाले, साहेब, आपल्या नावावर आत्ताच ‘बरं आहे’ पडलंय.

“खोडा ते.”

“खोडतो. पण मग बाईंचीही सगळी खोडावी लागतील. शब्द तोच आहे.”

साहेबांनी आपल्या पायाकडे पाहिलं, मग बाईंच्या पंजाकडे. त्या दिवसापासून ‘बरं आहे’ हा पुरावा राहिला नाही. चिवटाबाईंना रोज पाच अंडी मिळाली, आणि साहेबांना बसायला दगड.

पण जंगलानं धसका घेतला तो घेतलाच. आता कुणी ‘कसं काय’ म्हटलं, की समोरचा शेपटीपासून सुरुवात करी. ससे गुडघ्यांबद्दल बोलत, हरणं पित्ताबद्दल. पाणवठ्यावर जायला दुपार होई. शेवटी कुणी कुणाला काही विचारीनासं झालं. नानासुद्धा मान खाली घालून निघून जाऊ लागले.

पाच अंडी खाऊनही चिवटाबाईंना सकाळ सुनी सुनी वाटू लागली. एके दिवशी त्या लंगडत नानांच्या बिळाशी गेल्या. आधी झाडावर नजर टाकली. कावळे नव्हते.

“नाना,” त्या हळूच म्हणाल्या, “बरं आहे हो.”

नानांच्या अंगावरचे सगळे काटे सुखानं फुलले. “मग आत या की,” ते म्हणाले.

तात्पर्य : मुलांनो, दुखणं हसत सोसणाऱ्याचं दुखणं कायद्याला दिसत नाही. म्हणून चारचौघांत रोज थोडं थोडं कण्हत जावं. बरं असल्याचं फक्त जवळच्या माणसाला सांगावं, आणि तेही वर बघून.