अडून बसलेली चकती

सासऱ्यांच्या पिकअपचा मागचा ब्रेक लागला की अशी किंकाळी उठे की रस्त्यावरची माणसे आधी बाजूला उडी मारत आणि मग कोण मेले ते बघत. गाडी रोपवाटिकेची. हौद्यात सदा भिजलेल्या कुंड्या आणि त्यांचे पाणी ठिबकणार नेमके मागच्या चाकांवर. ब्रेक ज्या लोखंडी चकत्यांना धरून गाडी थांबवतात, त्या चकत्यांवर गंजाच्या पार खपल्या धरल्या होत्या. मेकॅनिक सुट्टीवर गेलेला. तेव्हा चहा पिता पिता जावई म्हणाला, "मी बदलतो की. नव्या चकत्या आणल्यात. तासाभराचं तर काम."

जावई विमा कंपनीत होता. ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून मान हलवणे, एवढाच त्याचा आणि गाड्यांचा संबंध. पण या कामामागे त्याचा एक हेतू होता.

त्या घरात आपले माणूस ओळखायची एकच खूण होती, त्याला बोलणी बसत. मुलीला बसत, रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाला बसत, मांजरालाही बसत. सासूबाईंना बसत आणि त्या ती व्याजासकट परत करत. कोरडा राहिला तो एकटा जावई. मागे त्याने नळ उघडा टाकून वाफेच्या वाफे कुजवले, तेव्हाही सासरे म्हणाले, "असू द्या जावईबापू, माती तहानलेलीच होती." बायकोजवळ तो कुरकुरला होता, "तुझ्या घरात मला सगळे पाहुणाच समजतात गं." बायकोला हे दुःखच कळेना. ती म्हणाली, तुझं नशीब थोर, गप्प बस. पण त्याला आत खरेच लागत होते. त्याचे स्वतःचे वडील लवकर गेले होते. अधिकाराने कान धरणारे असे कोणी त्याला उरलेच नव्हते.

म्हणून गाडी दुरुस्त करायची आणि घरचे व्हायचे, असा त्याचा बेत होता.

काम सुरू झाले ते पाहुणचारानेच. सासूबाईंनी चाकाशेजारी बसायला उशी आणून ठेवली. जावयाने हँडब्रेक काढला, पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, चाक उतरवले, ब्रेकचा जबडा सोडवून तारेने वर टांगला. इथवर सगळे व्हिडिओत दाखवल्यासारखे झाले. मग त्याने चकती ओढली. चकती हलेना.

त्याने गंजावर तेल फवारले आणि हातोडीने ठोकायला घेतले. ठोक्यासरशी गाडी जॅकवर किंचित डुलली. गाडी घसरून याच्या अंगावर येणार, असे बाजूला उभ्या सासऱ्यांना वाटले. मुलगा असता तर "ऊठ आधी तिथून" म्हणून त्यांनी मानगूट धरून उठवला असता. पण जावयाला सांगायचे म्हणजे त्याच्या कामावर संशय घेतल्यासारखे होणार. शेवटी ते हळूच पलीकडच्या दाराने आत वाकले, हँडब्रेक खसकन वर ओढला आणि हात झटकत परत येऊन उभे राहिले. आता जावई सुरक्षित, असे त्यांना वाटले.

या गाडीत हँडब्रेकच्या पट्ट्या चकतीच्या पोटात असतात. ब्रेक ओढला की त्या आतून चकतीला गच्च धरून बसतात. सासऱ्यांनी जन्मभर गाडी चालवली, पण ब्रेक कधी उघडून बघितला नव्हता. आता मारुती आला असता तरी ती चकती निघाली नसती.

जावई ठोकत राहिला. आधी हलके, मग दात खाऊन. त्याने गरम पाणी मागितले, गंज फुगून सुटेल म्हणून. सासूबाई पाण्यासोबत साबण आणि टॉवेल घेऊन आल्या आणि "किती दमलात" म्हणाल्या. मग त्याने चकतीच्या भोकांत बोल्ट पिळून ती बाहेर ढकलून पाहिली. बोल्टच मोडला. सासरे म्हणाले, "छान चाललंय." जावयाला रडू यायचे बाकी राहिले.

"काही कळत नाही," तो पाठ टेकत म्हणाला. "तेल झालं, पाणी झालं. हँडब्रेक तर मी आधीच काढलाय. तो असेल तरच चकती अशी अडते."

सासऱ्यांचा चेहरा पडला. दुपार कलली होती, पोराचे हात सोलवटले होते आणि हे सगळे आपण केले होते. कबूल करायला जीभ उचलेना. ते "जरा पाणी पितो" असे काहीसे पुटपुटत गाडीच्या दाराशी गेले आणि त्यांनी हँडब्रेक गुपचूप खाली सोडला.

नेमक्या त्याच क्षणी जावयाने सगळी भडास एकवटून मोठा घण चकतीच्या मागच्या अंगाने हाणला.

चकती सुटली ती तोफेतून सुटल्यासारखी. समोरच्या उतारावर पडली, उभीच राहिली आणि गडगडत निघाली. कुंड्यांची एक रांग तिने सोडली, दुसरी सोडली आणि शेवटी कट्ट्याशी ठेवलेल्या कुंडीतल्या बुटक्या डाळिंबावर जाऊन आदळली. हे डाळिंब सासऱ्यांनी हाताने वळवून, छाटून वाढवलेले. त्याला दुसऱ्या कोणी पाणीसुद्धा घालायचे नाही, असा घरात नियम होता. कुंडीचे तुकडे झाले आणि झाड मुळांसकट आडवे झाले.

मग सासऱ्यांचा आवाज फुटला.

"अरे गाढवा! डोळे कुठं ठेवलेत? चकती उडू नये म्हणून एक तरी नट लावून ठोकायचं ना! अक्कल गहाण टाकलीस का? काल आलेल्या पोरालासुद्धा एवढं कळतं!"

बायको धावत आली. आता हा बॅग भरणार, असे तिला वाटले. जावई मान खाली घालून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते काळ्या हातानेच पुसले. मग तिच्या लक्षात आले की तो हसतो आहे.

दारातून सासूबाई म्हणाल्या, "त्याला कशाला बोलता? मघापासून बघतेय मी. तो ब्रेक तुम्हीच ओढला होता आणि आता सोडलातही तुम्हीच. स्वतः घोळ घालायचा आणि पोरावर ओरडायचं?"

"बाबा, तुम्ही?" जावई म्हणाला. "मग सांगायचं नाही होय? सकाळपासून मरतोय मी इथं!"

त्या घरात तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. सासरे चपापले. "गाडी तुझ्या अंगावर आली असती तर?" ते ओरडायला गेले, पण शब्द मऊच निघाले. मग ते वाकले, डाळिंबाची मुळे ओल्या पोत्यात गुंडाळू लागले. जावईही शेजारी बसून माती भरू लागला. हळू धर, मुळं तोडशील, हात आहेत का फावडी, असे सासऱ्यांचे चालूच होते. जावई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता.

झाड नव्या कुंडीत उभे राहिले. जावई हात धुवायला नळाकडे निघाला.

"हात काय धुतोस?" मागून सासरे गरजले. "पलीकडच्या चाकाची चकती कोण काढणार? तुझा सासरा?"

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. सासऱ्यांनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा जावयाकडे, मग बाह्या सरसावल्या आणि चाकाशेजारी मांडी घालून बसत पान्यासाठी हात पुढे केला.