नऊ किलोंची मांडी आणि दुहेरी पत्र्याचा स्मोकर

"यंदा न्हाणीत मांडी टांगलीस, तर नाताळला मी माहेरी!" साल्मेने पातेल्यावर झाकण आपटत नवऱ्याला, हिल्लारला बजावलं. माहेर म्हणजे तिची आई, मैमू. ती याच घरात, खिडकीपाशी मोजा विणत बसलेली होती.

चूक न्हाणीची नव्हती. अंगणातली ती लाकडी खोली म्हणजे धुराची न्हाणी, तिला धुराडंच नाही. आल्डरची लाकडं पेटवायची, दगड तापवायचे, मग धूर बाहेर घालवून अंघोळीला बसायचं. त्याच धुरात हिल्लार दरवर्षी डुकराची एक मांडी तीन दिवस टांगायचा. नाताळला चर्चच्या गायकवृंदाला जेवण असे, आणि मांडी हिल्लारकडची हे ठरलेलं. गेल्या वर्षी मात्र चोवीस तारीख उजाडली तरी मांडी कच्चीच, आणि न्हाणी अडलेली. अख्खं घर बिनअंघोळीचं चर्चला गेलं.

"पण मांडी फक्कड झाली होती," हिल्लार म्हणाला.

"आपणही मुरलो होतो. स्तोत्र म्हणता म्हणता बाजूला उभी हेल्वी मला हुंगत होती!"

"ठरलं तर. स्मोकर आणायचा, मांसाला धुरी द्यायचं कपाट. मांडीही होईल, अंघोळही होईल."

हिल्लारने एकदा ठरवलं की देवही वाट मोकळी करून देत असावा. त्याने वही घातली. पत्रा एकेरी की दुहेरी, दाराला रबर आहे का, वाऱ्यात टिकतो का, उणे पंचवीसला धुरी धरतो का, असे रकाने आखले. तीन आठवडे दुकानं पालथी घातली.

"हा घ्या, हलका आहे," दुकानदार म्हणाला.

"एकेरी पत्रा? अहो, माझं कोंबड्यांचं खुराडं दुहेरी आहे!"

शेवटी सगळ्यांत जड, दुहेरी पत्र्याचा, विजेवरचा स्मोकर मंगळवारी अंगणात उभा राहिला. वहीत मोजायची राहिली होती एकच वस्तू: मांडी. ती नऊ किलोंची. दार दोन बोटं उघडंच राहिलं.

"दोन बोटांनी काय होतंय?" म्हणत हिल्लारने दार दोरीने बांधलं. बाहेर उणे चोवीस. दुपारपर्यंत स्मोकरच्या तापमापीचा काटा नऊवरच. त्याने स्मोकरला साल्मेची गोधडी गुंडाळली. काटा दहावर आला आणि गोधडी कामातून गेली. मग त्याने स्मोकर घराच्या पडवीत ओढला. दहा मिनिटांत घरातला धूर होताच वाजणारा भोंगा किंचाळू लागला आणि मैमू विणकामासकट बर्फात आली.

"जावईबापू, मला धुरी द्यायची तर आधी मीठ तरी लावा!"

उबदार, आणि धुराने काही बिघडणार नाही, अशी जागा आवारात एकच होती. बुधवारी सकाळी साल्मे न्हाणीच्या दारात उभी राहिली.

"हिल्लार, हे काय?"

"न्हाणीत स्मोकर आहे. मांडी स्मोकरमध्ये आहे. न्हाणीत मांडी नाही."

"आणि आग कशाला पेटवलीस?"

"स्मोकरला थंडी वाजू नये म्हणून!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बर्फावरून वायर आणलेली होती. तासाभरात काटा सरसर चढला. "बघ! ऊब मिळाली की यंत्र कसं कामाला लागतं!" तीन दिवस तो दर दोन तासांनी लाकडं सारत राहिला. शुक्रवारी संध्याकाळी मांडी मधाच्या रंगाची झाली. शनिवारी, चोवीस तारखेला, न्हाणी धुऊन पुन्हा तापवली. रिवाजाप्रमाणे बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडून सगळे लालबुंद होऊन निघाले. साल्मे चर्चमध्ये अशी गायली की हेल्वी हुंगायचं विसरली.

नाताळच्या जेवणात गायकवृंदाचा प्रमुख वेल्लो तिसऱ्यांदा ताट पुढे करत म्हणाला, "अशी मांडी जन्मात खाल्ली नाही. कोणता स्मोकर, बाबा?"

हिल्लारने वही काढली. "थंडीच्या मुलखात दुहेरी पत्राच हवा. वर्षभर पस्तावायचं नसेल तर हाच घ्या." दोघा गायकांनी नाव उतरवूनही घेतलं.

"अगं बाई, सांगायचं राहिलंच," मैमू म्हणाली. "बुधवारी सकाळी रेडिओवर स्तोत्रं होती ना, म्हणून खिडकीतली तुमची ती पिन काढून मी रेडिओची लावली. इतकं गोड गात होते! मग म्हटलं, रोजच आहेत, कशाला पुन्हा लावा."

साल्मेने रुमाल तोंडाशी धरला. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

हिल्लारने घास शांतपणे चावून गिळला. खिशातून पेन काढलं, वहीतला गुणांचा रकाना शोधला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'वीज लागत नाही.'