मोजणीसाहेब गप्प का?

"बाबा, सही करा आणि मोकळे व्हा," असं म्हणत मुलाने नव्या फ्लॅटचा अर्ज टेबलावर सरकवला.

मोजणीसाहेबांनी अर्जाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झाल्यामुळे गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं, आणि तेही गल्लीबद्दल असं बोलत की जणू ती त्यांनीच आखली.

"औषधाचं दुकान एकशे बारा पावलं. वाचनालय दोनशे चाळीस. बेकरीचा वास तर खिडकीतूनच येतो. आणि तुझ्या त्या वसाहतीत साधा पाव आणायला गाडी काढावी लागते!"

"काढतो आणि वीस मिनिटांत परत येतो. तुम्ही पाव आणायला जाता ते दोन तासांनी उगवता. मग जवळ असून उपयोग काय? आणि उद्या तुम्हाला काही झालं तर मी शहराच्या त्या टोकाला. कोण धावणार?"

घाव वर्मी बसला. साहेबांनी चपला पायात सरकवल्या. "गोळ्या, पुस्तक, शिंप्याकडची पँट आणि पाव. चार कामं, अर्धा तास. मिनिटभर जरी उशीर झाला तर सही करतो. नाही झाला, तर अर्ज फाडायचा."

"आई, घड्याळ लाव."

"लावते की," आई म्हणाली. "पण यांच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?"

साहेबांनी ते कुलूप स्वतःच लावलं. कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही, आणि जीभ वळवळू नये म्हणून मनात पावलं मोजायची, असं ठरवून ते जिना उतरले.

"काय साहेब, आज लवकर?" औषधवाल्याने विचारलं. साहेबांनी चिठ्ठी पुढे केली. त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. "बरं वाटत नाही का?" साहेबांनी गोळ्या उचलल्या आणि ते चालते झाले. औषधवाल्याने क्षणभर विचार केला, आणि दुकान मदतनिसावर सोपवून तो मागोमाग निघाला.

वाचनालयात साहेबांनी पुस्तक परत केलं आणि हाताला लागेल ते दुसरं घेतलं.

"अहो साहेब, हे तान्ह्या बाळाच्या संगोपनावर आहे!" वाचनालयाच्या बाई ओरडल्या. साहेब तोवर दाराबाहेर. बाई धावत दाराशी आल्या, तर समोर औषधवाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही साहेबांच्या मागे लागले.

खरा कहर शिंप्याकडे झाला. एरवी साहेब स्वतःची टेप काढून पँटची उंची तीनदा तपासत आणि अर्ध्या बोटावरून तासभर वाद घालत. आज त्यांनी पिशवी घेतली आणि पाठ फिरवली.

"न मोजता?" शिंप्याचा चेहरा पांढरा पडला. "साहेबांनी न मोजता पँट नेली? डॉक्टरीणबाईंना बोलवा!"

पाव घेऊन साहेब घराच्या जिन्याशी पोचले तेव्हा चोवीस मिनिटं झाली होती. त्यांनी विजयी मुद्रेने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच चार हातांनी त्यांना मागे ओढून त्याच पायरीवर बसवलं.

"जिना अजिबात चढायचा नाही," कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरीणबाई दंडाला पट्टा गुंडाळत म्हणाल्या.

"सोडा मला! माझी वेळ भरत आली!"

"अरे देवा," वाचनालयाच्या बाईंना हुंदका फुटला. "काय अभद्र बोलताय!" आणि त्या बाळाच्या पुस्तकाने त्यांना वारा घालू लागल्या.

"मला काही झालेलं नाही! पैज आहे, पैज!"

"बरळतायत," शिंपी म्हणाला. "धरून ठेवा."

रक्तदाब अर्थातच वाढलेला निघाला. गलका ऐकून मुलगा तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आला. त्याला सगळं समजायला आणि त्याने सगळ्यांना समजावायला बराच वेळ गेला. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला, "एकतीस मिनिटं!"

फ्लॅटचं कळल्यावर कोणी हसेना. शिंपी तर पायरीवरच बसला. साहेबांनी मात्र हात पुढे केला. "आण तो अर्ज. मोजणी म्हणजे मोजणी." बोलताना त्यांची नजर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

मुलाने उतरताना खिशात कोंबलेला अर्ज काढला, पण दिला नाही. "डॉक्टर, तुम्हाला यायला किती वेळ लागला?"

"चार मिनिटं. चालत. वाटेत चप्पल तुटली, नाहीतर तीन."

मुलाने त्या घामाघूम मंडळींकडे एकवार पाहिलं. मग त्याने अर्जाचे शांतपणे चार तुकडे केले आणि घसा खाकरून औषधवाल्याला विचारलं, "या गल्लीत एखादी जागा रिकामी होणार आहे का हो? आमच्यासाठी."

उत्तर साहेबांनीच दिलं, दंडाला पट्टा तसाच, छाती चांगली वीतभर फुगवून.

"कठीण आहे बाळा. इथून कोणी हलत नाही. आणि मरायचं म्हटलं, तर ही मंडळी मरू देत नाहीत. आत्ताच बघितलंस!"