आखूड पायांच्या खुर्चीची बखर

श्रीगणराय व कुलस्वामिनी यांस वंदन करोन, आणि घरोघरी लेकरांवर डोळ्यांत तेल घालोन पहारा करणाऱ्या समस्त मातांस मुजरा करोन, लिहिणाराने वर्तमान लिहिले ते ऐसे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, भानुवासरे. एक राज्य होते, त्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही, परंतु ते तिसऱ्या मजल्यावर असोन लिफ्ट बहुतकरून बंद असे. तेथे राजश्री निनादराव राज्य करीत होते, आणि खरे पाहता राणी मृण्मयीबाईसाहेब करीत होत्या, आणि उभयतांवर राजश्रींच्या मातुश्री सुमतीआईसाहेब यांचा अंमल होता. राणीसाहेब कॉलेजातून दोन पदव्या संपादोन आलेल्या, बहुत चौकस, आणि जिवास घोर लावून घेण्यात त्यांचा हात धरील ऐसे त्या मुलखात कोणी नव्हते. हल्ली घोर एकच होता. राजकन्या इरावती, लाडाचे नाव ठमाबाई, तेरा महिन्यांच्या जाहल्या, दात आठ आले, आरोळी ठोकली तर पार तळमजल्यापर्यंत पोचे, परंतु उभ्या म्हणोन राहीनात. बुडावर सरकत सरकत सर्व मुलूख फिरत, आणि शेजारच्या राज्याचे राजपुत्र वीस दिवसांनी धाकटे असोन टुकूटुकू चालत येत आणि यांचे खेळणे उचलून नेत. राणीसाहेबांनी मोबाइलात पाहिले, पुस्तकात पाहिले, आणि मग राजवैद्यांकडे स्वारी नेली. राजवैद्यांनी पाय वाकवून दाबून पाहिले आणि बोलिले, "पाय उत्तम आहेत. उभं राहायला तिला अजून कारण मिळालं नाहीये, इतकंच." राणीसाहेब माघारी आल्या, परंतु मन काही मानीना.

पुढे ठमाबाईंस मांडीवर घेऊन घेऊन राणीसाहेबांची पाठ धरली, म्हणोन राजश्री जुन्या बाजारावर चालोन गेले आणि दोन खुर्च्या फत्ते करोन आणिल्या. विलायतच्या राणीच्या अमदानीतल्या, शिसवी, हातांवर कोरीव पाने, पायांस पितळी चाके, आणि कापड ऐसे की हात लावता धुरळा उडे. तीन मजले चढवून दिवाणखान्यात मांडल्या तेव्हा ध्यानी आले की एक उंच आणि दुसरी चांगली चार बोटे बसकी. आईसाहेबांनी कमरेवर हात ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "निनाद, अरे हिचे पाय कापलेत. लंगडी खुर्ची गळ्यात मारली तुझ्या." आईसाहेबांच्या मनात दुसरे काही नव्हते, परंतु राणीसाहेबांची नजर आधी खुर्चीच्या पायांकडे आणि मग ठमाबाईंच्या पायांकडे गेली. राजश्रींनी मसलत काढिली की सुताराकडून चार ठोकळे करवावे आणि पायांखाली जोडोन दोन्ही खुर्च्या एका उंचीच्या कराव्या. राणीसाहेबांनी तात्काळ रुकार दिला, कारण आखूड पायांचे काही डोळ्यांपुढे असू नये ऐसेच त्यांस जाहले होते.

मग खुर्च्यांस नवी गादी आणि नवे कापड चढवावे म्हणोन इलाहीचाचा पिंजारी यांस पाचारण जाहले. चाचा साठी उलटलेले, कुशनच्या कामात हयात गेलेली, आणि तोंडात बारीक खिळे धरोन बोलण्याची विद्या त्यांस अवगत. त्यांनी गच्चीवर ठाणे दिले आणि जुने कापड उचकटले, तो आतून काळ्या केसांचे रान निघाले. राणीसाहेब ठमाबाईंस कडेवर घेऊन दहा पावले मागे सरल्या आणि म्हणाल्या, "हे फेकून द्या चाचा. यात ढेकूण असतील."

"असले तर तेही दीडशे वर्षांचे असतील, ताई. घोड्याचे केस आहेत हे. फोमचा पाच वर्षांत पापड होतो, हे अजून दबले नाहीत. उकळून देतो तुमच्यासमोर."

आणि उकळले, उन्हात वाळविले, आणि मग चाचांनी बापाची धनुकली काढोन कापसासारखे ते केस पिंजावयास घेतले, आणि धनुकलीच्या तातीचा टणटणाट ऐकोन ठमाबाई टाळ्या पिटू लागल्या. राणीसाहेब मात्र सांडलेले खिळे चुंबकाने टिपीत बसल्या होत्या. मग बसक्या खुर्चीची पाळी आली, आणि राणीसाहेबांनी चार ठोकळे पुढे केले. चाचांनी खुर्ची उलटी करोन पायावरून अंगठा फिरविला आणि तोंडातले खिळे हातावर घेतले.

"कोण म्हणालं पाय कापलेत?"

"सगळेच म्हणतात."

"नक्षी बघा, ताई. वरून निघाली ती चाकापर्यंत पुरी उतरलीय. कापला असता तर मधेच तुटली असती. ती उंच बाप्याची, ही बाईची. लेकरू मांडीवर घेतलं की पाय भुईला टेकावेत म्हणून मुद्दाम बसकी केलेली. हिच्यात कमी काही नाही. ठोकळे लावाल तर बिघडेल."

राणीसाहेबांनीही अंगठा फिरविला. मग हुकूम दिधला की ठोकळे नकोत. राजश्री वर येऊन म्हणाले, "अगं, जोडी विजोड दिसेल." राणीसाहेब म्हणाल्या, "दिसू दे. तू आणि मी तरी कुठे एका उंचीचे आहोत?" यावर राजश्रींनी तह केला.

मग मोरपिशी कापड चढले, आणि पाठीवर कापडात मढविलेली सतरा बटणे खोल ओढोन बसविली. राणीसाहेबांनी एकेक बटण दोन्ही हातांनी खेचून पाहिले की लेकराच्या तोंडी जाईल काय, तेव्हा चाचा म्हणाले, "ताई, खुर्चीत बसायचंय की कुस्ती खेळायचीय?" शेवटी खुर्च्या खाली आल्या, आणि चाके घसरू नयेत म्हणोन तेच चार ठोकळे राणीसाहेबांनी बसकीच्या चाकांस अडसर म्हणोन घातले.

तिसरे दिवशी सकाळी आईसाहेब उंच खुर्चीत भाजी निवडीत होत्या आणि राणीसाहेब दूध गाळीत होत्या. ठमाबाई सरकत उंच खुर्चीपाशी गेल्या, हात वर केले, काठ गवसेना, म्हणोन बसकीकडे वळल्या. पाठीवरचे खालचे बटण उन्हात चमकत होते. त्यांनी काठ धरिला, गुडघे टेकले, एक पाय रोविला, मग दुसरा, आणि बटणास हात घातला.

"मृण्मयी," आईसाहेब हळूच म्हणाल्या, "गाळणी ठेव आणि ये. धावू नकोस, दचकेल ती."

राणीसाहेब दारात येऊन थबकल्या. धावल्या नाहीत, धरिले नाही, हे त्यांच्या आयुष्यातील मोठे शौर्य होय. ठमाबाईंनी बटण बहुत ओढिले. ते निघाले नाही, आणि त्या पडल्या नाहीत.

"लंगडी म्हणाले मी हिला," आईसाहेब खुर्चीकडे पाहात बोलिल्या. "माझंच चुकलं गं."

एवंच, कारण मिळाले. खुर्ची आहे तेथेच आहे, चार बोटे बसकी, आणि राणीसाहेब अद्याप तीत बसल्या नाहीत, कारण ती ठमाबाईंनी सदा अडविलेली असते. लेखनसीमा.