गाडी लागणाऱ्या मुलांचे दत्तूकाका

पेणमधल्या आमच्या रामवाडीत कुणी पोरंबाळं घेऊन गाडीत बसू लागलं, की दत्तूकाका समोरच्या ओट्यावरून उठून येत, खिडकीतून आत डोकं घालत आणि विचारत, "काय खाल्लंय यानं?"

दूध म्हणालात की संपलं. "दूध पाजून गाडीत घातलंत? वडखळ यायच्या आत दही होईल त्याचं!" मग मुलाला खाली उतरवायचं, अर्धी भाकरी चावून खायला लावायची, आलेपाकाची वडी हातावर ठेवायची आणि मगच गाडी सोडायची. गाडीत सुगंधाची बाटली टांगलेली दिसली, तर ती बेधडक काढून ते स्वतःच्या खिशात टाकत. पुढे आठवडाभर त्यांच्या सदऱ्याला मोगऱ्याचा वास येई.

काकांनी तीस वर्षं पेणचे गणपती टेम्पोतून गावोगाव पोचवले होते. "एका मूर्तीचं बोट नाय तुटलं कधी. पोरं तर त्याहून नाजूक." एकदा माझ्या बायकोनं मुलीसाठी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. त्यानं उलटी होत नाही म्हणतात. काका म्हणाले, "वहिनी, जे वाचून मळमळतं, त्यावर बसून काय थांबणार?"

या नादाचं मूळ रोह्याला होतं. काकांचा मुलगा तिथे कंपनीत होता. काकू गेल्या, दिवसकार्य झालं, आणि त्यानंतर मुलगा-सून पेणला फिरकली नव्हती. "ओमला गाडी लागते हो बाबा, कसं आणायचं?" असं सुनेनं फोनवर सांगितलं होतं. ओम म्हणजे काकांचा एकुलता एक नातू, सहा वर्षांचा. त्या फोनपासून काकांनी हा विषय हाती घेतला. आळीतल्या पोरांना जे लागू पडे, ते लगेच मुलाला फोन करून कळवत. मुलगा "बघू" म्हणे.

एका माघात आम्ही माझ्या बहिणीकडे रोह्याला निघालो, तर काका धुतलेला सदरा घालून गाडीपाशी उभे. "मास्तर, मुक्ताचा भरवसा नाय. मी येतो."

आमची मुक्ता पाच वर्षांची. नागोठण्याच्या पुढे तिनं पोटातलं पोटात ठेवल्याचं मला आठवत नाही. काकांनी तिच्या हातातला माझा मोबाईल काढून घेतला आणि तिला मागच्या सीटवर मधोमध, समोरची काच दिसेल अशी बसवली. "मान खाली घालायची नाय गो. तो लांबचा डोंगर दिसतो ना? त्याच्यावरचं सगळ्यात उंच झाड सांग मला."

मला वेगळा दम. "ब्रेक हळू, मास्तर! मागं मूर्ती हाय असं समजा."

नागोठण्याला त्यांनी गाडी थांबवून तिला पाच मिनिटं चालवलं. पुढे खिंडीतल्या वळणांवर मुक्ता झाडं मोजत होती आणि माझ्या बायकोनं पिशवी मागितली. काका हळहळले, "वहिनींना लहानपणीच माझ्याकडं आणायला पायजे होतं."

रोह्यात शिरल्यावर म्हणाले, "वाटेतच घर हाय. पाच मिनटं टेकू."

सुनेनं दार उघडलं, गडबडली, चहा टाकला. ओम धावत आला. काकांनी आलेपाकाचा अख्खा पुडा त्याच्या हातात दिला. "गाडीत बसलास की एक वडी चघळायची. मग उलटी नाय होत."

"मला कुठे उलटी होते?" ओम म्हणाला. "आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो ना, तेव्हा सगळा घाट मी गाणी म्हणत होतो. विचारा आईला."

कप घेऊन आलेली सून दारातच थांबली.

"अरे वा," काका म्हणाले. "मग नुसताच खा. गोड असतो."

चहा संपवून ते उठले. "बाबा, जेवून जा ना," सून खाली बघत म्हणाली.

"नको गो. मास्तरांना उशीर होतो."

आम्हाला कसलाही उशीर होत नव्हता.

संध्याकाळी बहिणीकडून परतताना मुक्ता काकांच्या दंडावर डोकं टेकून झोपली. ती उठू नये म्हणून पेण येईपर्यंत काका हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर शेजारच्या वामनरावांनी विचारलं, "काय दत्तोबा, नातू भेटला? कधी येतोय?"

"कुठला येतोय! पोट फार नाजूक हो त्याचं," काका म्हणाले. "रोह्याच्या रेल्वे फाटकापर्यंत गाडी गेली की उलट्या सुरू. सून तरी बिचारी काय करणार?"

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो ना," मी म्हणालो. "फारच लागते त्याला."