फौजदाराची परीक्षा

जोमा नाखव्याच्या कुत्र्याला रोज सकाळी परीक्षा असे. माझ्या शाळेतल्या पोरांना ती वर्षातून एकदा; तीही इन्स्पेक्टरसाहेबांची होडी चिखलात रुतली नाही तर. कुत्र्याची मात्र कधी चुकली नाही.

रेवसहून दोन कोसांवरच्या कोळीवाड्यात मी लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो, आणि नाखवा माझा शेजारी झाला. कुत्र्याचं नाव फौजदार. रंग कळकट, एक कान अर्धा, आणि चेहऱ्यावर कायम कसलीतरी चौकशी चालू. नाखवा अंगणात तीन करवंट्या पालथ्या घाली. त्यांतल्या एकीखाली एक चिंधी. फौजदार हुंगत येई, बरोबर तीच करवंटी उलथी आणि तांदळाच्या भाकरीचा तुकडा मिळवी. दुसऱ्या दिवशी चिंधी बांबूच्या नळीत. तिसऱ्या दिवशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डब्याला वरून दोरीच्या अशा गाठी की त्या सोडवताना माझं नख तुटलं. फौजदारानं त्या दातांनी सोडवल्या आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलो नाही.

"नाखवा, रोज नवा खेळ कशाला? कालचाच द्या की," मी म्हटलं.

"मासली शिली नि खेल शिला, दोनीला फौजदार तोंड लावीत न्हाय," नाखवा म्हणाला. "त्याचे डोस्क्याला काम पायजे, मास्तर."

डोस्क्याला काम पायजे, हे त्याचं पालुपद. फाटकी जाळी तुणायची सोडून म्हातारा कुत्र्याची खेळणी करत बसतो म्हणून सगळा वाडा हसे. त्याची विधवा बहीण रखमा चुलीपाशी करवादे, "मानसाला कालवन न्हाय नि कुत्र्याला कोडी." मीही हसत असे. पुण्याच्या मित्राला या म्हाताऱ्यावर एक लांबलचक विनोदी पत्रही लिहिलं होतं. ते आठवलं की आता मान खाली जाते.

खरं कारण नाखव्यानं एका संध्याकाळी आपणहून सांगितलं. मी येण्याच्या दोन वर्षं आधी त्याचा एकुलता पोरगा, धाकू, पावसाच्या तोंडावर होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडीच्या दोन फळ्या आल्या. फौजदार धाकूनं पाळलेला. तो रोज बंदरावर जाई आणि दिसेल त्या शिडामागे पाण्यात उडी घेई. दोनदा लोकांनी जाळं टाकून बाहेर काढला. तेव्हापासून नाखव्यानं त्याच्या डोक्याला काम लावलं. करवंटीखालची चिंधी धाकूच्या बंडीची होती.

"एखाद्या आगबोटीनं उचलला आसंल, नेला आसंल आफ्रिकेला," मोतीबिंदूनं पांढुरके होत चाललेले डोळे चोळत नाखवा म्हणाला. "पन आला तं त्याला वळखील कोन? मना शीड दिसतं, मानूस दिसत न्हाय. नि वाड्यानं त्याचं दहावं केलंय. समोर आला तं भूत म्हनून पळतील सगले. फौजदार पळनार न्हाय. त्यानं वास इसरून चालनार न्हाय, मास्तर."

मी फौजदाराच्या अर्ध्या कानामागे खाजवत ऐकून घेतलं. पुढेही नुसतं ऐकून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यात बंडीला बुरशी आली. पाऊस सरल्यावर नाखवा हवालदिल होऊन ती मला दाखवायला आला, आणि मी मास्तरकीच्या थाटात म्हणालो, "त्यात काय? चांगलं ऊन द्या." आता कोळीवाड्यात ऊन द्यायची जागा एकच. ती म्हणजे वलांडी, बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील वाळवतात ती. नाखव्यानं बंडी उरल्यासुरल्या तुकड्यांसकट चार दिवस बोंबलांच्या रांगेत टांगली. शाळेच्या खिडकीतून मला ती दिसत होती. आपला सल्ला ऐकला गेला, म्हणून मला बरंही वाटलं.

पाचव्या दिवशी परीक्षा झाली. फौजदारानं तिन्ही करवंट्या हुंगल्या, क्षणभर विचार केला आणि सरळ वलांडीखाली जाऊन शेपटी हलवत बसला. पुन्हा बोलावला, पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी तो रखमाच्या मासळीच्या पाटीत तोंड घालून उभा राहिला. नाखव्यानं चिंधी स्वतःच्या नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"बोंबील," तो म्हणाला.

चिंधीची घडी करून ती त्यानं कनवटीला खोचली. धाकूचे बाकीचे कपडे दहाव्यालाच देऊन टाकले होते. आपल्या शहाणपणाची एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दोन दिवसांनी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. "मास्तर, तुमी लिवता-वाचता. आता तुमीच धाकूला डोस्क्यात ठेवा." डाव्या भुवईवर गळ लागल्याची खूण. पुढचा दात अर्धा. चालताना उजवा खांदा खाली. मी धाकूला कधी पाहिलं नव्हतं, पण सगळं वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाखवा हजर. "भुवई कोनती?" "डावी." "बराबर." आणि माझ्या हातावर भाकरीचा तुकडा. मी पडलो जानवं घालणारा मास्तर. तो तुकडा हळूच फौजदाराला देऊन टाकायचो. ही परीक्षा वर्षभर चालली. रोज नवा प्रश्न, कारण खेळ शिळा चालत नसे.

मग एका सकाळी त्यानं पुन्हा भुवई विचारली. मी म्हणालो, "डावी."

"चुकलात. उजवी." तुकडा पुढे केलेला हात त्यानं मागं घेतला.

घरात जाऊन मी वही उघडली. पहिल्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, डावी.

दुसऱ्या दिवशी त्यानं तेच विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं आदल्या दिवशीचा शिळा प्रश्न घातला होता. त्याचे डोळे आता पुरते पांढरे झाले होते. मी म्हणालो, "उजवी."

"बगा," नाखवा खुशीनं म्हणाला, "डोस्क्याला काम दिलं का ऱ्हातं ध्यानात."

त्यानं चाचपत माझा हात शोधला आणि तुकडा ठेवला. फौजदार सवयीनं माझ्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी तो तुकडा मी खाल्ला.